संध्याकाळच्या वकीलबाई

सुनंदा रामटेके या बाईंचा आवाज मला आधी कळला, चेहरा नंतर. आमच्या भागातल्या कम्युनिटी कॉलेजचे संध्याकाळचे वर्ग पेंडल हिल स्टेशनपासून जवळच, कौन्सिलच्या, म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या, मालकीच्या एका जुन्या हॉलमध्ये भरत. मध्ये घडीचं लाकडी पार्टिशन ओढलं की एका हॉलचे दोन वर्ग होत. त्यातल्या एकात मी निवृत्त मंडळींना कॉम्प्युटर शिकवायचो. दिवसा ऑफिसात सॉफ्टवेअर सांभाळायचं आणि संध्याकाळी ऑस्ट्रेलियन आजीआजोबांना त्यांच्या नातवंडांचे हरवलेले फोटो शोधून द्यायचे, असा माझा दुहेरी संसार होता.

त्या संध्याकाळी पार्टिशनपलीकडे भांडण जुंपलं. एक पुरुष ओरडत होता की हळदीचे डाग त्याच्या ओट्यावरून निघत नाहीत, सबब डिपॉझिट परत मिळणार नाही. एक बाई रडवेल्या इंग्रजीत सॉरी म्हणत होती. आणि तिसरा आवाज, खणखणीत, दोघांच्या वर चढून विचारत होता, "कुठे लिहिलंय? मला कागद दाखवा. कुठे लिहिलंय?" मग त्या आवाजाला इंग्रजी पुरेना, आणि अस्सल नागपुरी मराठीत "काहून? काहून पण?" असं ऐकू आलं. माझ्या वर्गातल्या आजी माउस सोडून माझ्याकडे बघायला लागल्या. एक आजी तर पोलिसांना फोन करावा म्हणाल्या. मी पुणेकर असल्यामुळे दुसऱ्याच्या भांडणात रस असूनही तो दाखवायचा नसतो, पण त्या दिवशी गेलो.

पार्टिशन सरकवलं तर समोर भांडण नव्हतंच, तालीम होती. ओरडणारा घरमालक म्हणजे ग्रेग, जन्मभर ट्रक चालवून नुकताच निवृत्त झालेला, हाफ पँटीतला ऑस्ट्रेलियन. रडवेली भाडेकरू म्हणजे रोहिणी, साताऱ्याकडची मुलगी, दिवसा वृद्धाश्रमात काम करायची. आणि दोघांच्या मध्ये, फुलाफुलांच्या कुडत्यावर वकिलाचा काळा गाऊन चढवून, कमरेवर हात ठेवून उभ्या असलेल्या बुटक्या बाई म्हणजे सुनंदाताई. गाऊनला डांबरगोळ्यांचा वास येत होता.

"या, भाऊ," माझा चेहरा बघूनच त्यांनी मराठीत सुरू केलं. "साक्षीदार कमीच पडून राहिला होता. बसा."

मी साक्षीदार झालो. हळदीचे डाग लिंबाने निघतात अशी साक्ष दिली, आणि उलटतपासणीत ग्रेगने माझी पार वाट लावली.

सुनंदाताईंनी नागपूरच्या कोर्टात बरीच वर्षं वकिली केली होती. मुलगी इथे स्थायिक झाली, नातू झाला, तशा त्या आणि रामटेके साहेब इकडे आले. साहेब वीज मंडळातून निवृत्त झालेले. ते परसात अंबाडी लावण्यात रमले. बाईंना मात्र परसात करमेना. वकिली करावी तर त्यांच्या डिग्रीचे अर्धे विषय इथे चालत होते आणि उरलेले अर्धे पुन्हा कॉलेजात बसून द्यायला हवे होते. "नागपुरात मी पोरांना ज्युनिअर ठेवत होती," त्या म्हणायच्या, "आता पोरांच्या मांडीला मांडी लावून परीक्षा देऊ? त्याच्यापेक्षा नवे वकील तयार करीन." हे त्या हसून सांगत. पण स्टेशनवरून येताना लोकल कोर्टाची इमारत लागली की त्यांची चाल मंदावायची, ते मी पाहिलंय, आणि मला त्यांचं फार वाईट वाटायचं. तसं त्यांना सांगायची मात्र माझी कधी हिंमत झाली नाही. त्यांनी माझ्याच वाईट वाटण्याची उलटतपासणी घेतली असती.

कॉलेजने त्यांना 'नागरिकांसाठी कायद्याची ओळख' असा आठवड्यातून एका संध्याकाळचा वर्ग दिला होता. लोकांनी दंडाच्या पावत्या, भाडेकरार वगैरे घेऊन यावं आणि चार गोष्टी शिकून जाव्यात, एवढीच कॉलेजची अपेक्षा. ताईंनी त्याचं कोर्ट करून टाकलं. त्यांचे नियम कडक होते. उपाशीपोटी कोणी युक्तिवाद करायचा नाही, म्हणून वर्गाची सुरुवात चहा आणि डब्याने. स्वतःची बाजू मांडण्याआधी समोरच्याची बाजू मांडायची, आणि ती अशी मांडायची की समोरच्यानेच टाळी दिली पाहिजे. आणि विनाकारण जो सॉरी म्हणेल त्याने सगळ्यांचे कप विसळायचे. पहिले काही आठवडे कप रोहिणीच विसळत होती. तिचं प्रत्येक वाक्य सॉरीने सुरू व्हायचं. दार उघडून आत आली तरी ती दाराला सॉरी म्हणायची.

"तू काय केलं म्हणून माफी मागून राहिली?" ताई एकदा तिला म्हणाल्या.

"सवय आहे हो मॅडम. कामावर दिवसभर तेच चालतं."

"कामावर माग. तिथं त्याचे पैसे मिळतात. इथं फुकट नाही मागायची."

वर्गातले सगळे, व्हिएतनामी बेकरीवाल्या बाईंपासून ग्रेगपर्यंत, हळूहळू 'काहून', म्हणजे 'का', विचारायला शिकले. ग्रेग तर कौन्सिलच्या पार्किंगवाल्याने पावती दिली तेव्हा "काहून, मेट?" असं विचारून आला. तो दंड त्याला भरावाच लागला, कारण पाटी स्पष्ट लिहिलेली होती. ताईंनी त्याला पाटी वाचली नाही म्हणून झापलं. स्वतः त्या दिसेल ती पाटी वाचत. बसस्टॉपवरची, स्विमिंग पूलवरची, कचऱ्याच्या डब्याच्या झाकणावरची सुद्धा. त्यांच्याबरोबर फिरायला जायचं म्हणजे गुडघेदुखीला आराम, इतक्या त्या जागोजागी थांबत.

नागरिकत्व मिळाल्यावरचं त्यांचं पहिलं मतदान मला विसरता येत नाही. इथे मत देणं सक्तीचं आहे, न देणाऱ्याला दंड. आमच्यासारखे लोक शनिवारी सकाळी शाळेतल्या केंद्रात जातात, पटकन पसंतीक्रमाचे लागतील तेवढेच आकडे टाकतात, बाहेर शाळेच्या मदतीसाठी भाजत असलेलं सॉसेज पावात घालून खातात आणि घरी येतात. मी तसाच बाहेर आलो. ताई येईनात. माझं एक सॉसेज झालं, दुसरं झालं. आत जाऊन बघतो तर त्या मतदानाच्या पुठ्ठ्याच्या आडोशात सिनेटची मतपत्रिका पसरून बसलेल्या. ती मतपत्रिका जेवणाच्या टेबलावर टाकता येईल एवढी लांब असते. वर मोजक्या चौकोनांत आकडे टाकले की भागतं, पण खाली प्रत्येक उमेदवाराला वेगळा क्रम देण्याचीही सोय असते, आणि ती सोय मी तरी कोणाला वापरताना पाहिलेलं नाही. ताई खालच्या भागात शेवटच्या माणसापर्यंत आकडे टाकत होत्या. केंद्रावरच्या मुलीने काळजीने विचारलं, सगळं ठीक आहे ना. बाहेर आल्यावर ताई मला म्हणाल्या, "एवढी मंडळी उभी राहिली, भाऊ. घरच्या लग्नात आपण शेवटच्या पंगतीलाही विचारतो. यांना नंबर तरी द्यायला नको?"

मग बोटाकडे बघून खट्टू झाल्या. इथे शाई लावत नाहीत. नागपूरच्या मैत्रिणींना व्हॉट्सॲपवर फोटो काय पाठवायचा, हा प्रश्न त्यांना घरी जाईपर्यंत पडला होता.

पण ज्या प्रकरणामुळे आमच्या भागात सुनंदाताईंचं नाव झालं ते नारळाचं. त्या वर्षी त्यांनी कॉलेजच्या मॅनेजर हेलनच्या मागे लागून लागून एक मोठं काम मंजूर करून घेतलं होतं. एका संध्याकाळच्या वर्गाऐवजी वर्षभराचा, कायद्याच्या डिग्रीची पूर्वतयारी करून घेणारा कोर्स. तो पास होईल त्याला एक युनिव्हर्सिटी कायद्याच्या पहिल्या वर्षाला घ्यायला तयार होती. नोकरी करणाऱ्या, शाळा सोडून जमाना झालेल्या, बारावीचे मार्क इथे कोणी विचारात घेत नाही अशा लोकांना हे एकच दार होतं. रोहिणीने नवऱ्याशी बोलून वृद्धाश्रमातल्या संध्याकाळच्या शिफ्ट सोडल्या होत्या. घरात पाच वर्षांची मुलगी, आणि ही बाई म्हणते मी वकील होणार. सासरी अजून सांगितलेलं नव्हतं.

आणि कौन्सिलच्या अजेंड्यावर आलं की हॉल एका खासगी कंपनीला भाड्याने द्यायचा, लहान मुलांच्या खेळघरासाठी. घसरगुंड्या, फोमचे ठोकळे, चेंडूंचा हौद वगैरे. हेलनने स्पष्ट सांगितलं की माझे आजीआजोबा दिवसा मोकळे असतात, त्यांना दिवसाचा दुसरा शिक्षक देऊन लायब्ररीत हलवता येईल. कायद्याचा वर्ग संध्याकाळचाच हवा, आणि संध्याकाळी दुसरी जागा नाही. हॉल गेला तर कोर्स सुरूच होणार नाही.

वर्ग खवळला. ग्रेगला फलक रंगवायचे होते. ताईंनी सगळ्यांना चहा पाजला आणि रोहिणीला सांगितलं, "तू खेळघराची वकील. येत्या रविवारी मुलीला घेऊन अशा एका खेळघरात जा. दिवसभर बस. त्यांचं काय म्हणणं आहे ते मला सांग."

"मॅडम, पण आपण तर त्यांच्या विरोधात आहोत."

"म्हणूनच जा म्हणून राहिली न."

याच दिवसांत आमच्या वॉर्डाच्या नगरसेविका लिंडा वर्गात पाहुण्या म्हणून यायच्या होत्या. आपला प्रतिनिधी कोण, तो काय करतो, हे प्रत्यक्ष बघायचं असा ताईंच्या वर्गाचा रिवाज होता, आणि ही तारीख हॉलचा विषय निघण्याच्या कितीतरी आधी ठरलेली होती. लिंडा आल्या, छान बोलल्या, कचऱ्यापासून क्रिकेटच्या मैदानापर्यंत सगळ्या प्रश्नांना उत्तरं दिली. हॉल कॉलेजकडेच राहावा असं आपलं मत आहे, हेही त्यांनी सांगितलं. सगळे खूश झाले. मग ताई उठल्या, पिशवीतून शाल काढली, लिंडाच्या खांद्यावर घातली, हातात नारळ दिला, आणि ग्रेगला फोटो काढायला लावला. लिंडाने नारळ फुटीचा, म्हणजे इथल्या रग्बीचा, लांबट चेंडू धरतात तसा बगलेत धरला होता.

खोटं कशाला सांगू, मलाही त्यात काही वावगं दिसलं नाही. आपल्याकडे शाळेच्या गॅदरिंगपासून पतपेढीच्या सभेपर्यंत खुर्चीवर बसलेल्या माणसाला शाल आणि नारळ दिल्याशिवाय तो पाहुणा होता हे सिद्धच होत नाही. नागपूरच्या बार असोसिएशनमध्ये ताईंनी न्यायाधीशांनाही शाली घातल्या होत्या. ती भेट नसते, तो शिष्टाचार असतो. रिकाम्या हाताने गेलेला पाहुणा म्हणजे यजमानाची अब्रू गेली.

कौन्सिलच्या सभेला आम्ही झाडून सगळे गेलो. मी माझ्या आजीआजोबांनाही नेलं होतं. प्रेक्षकांच्या खुर्च्या भरल्या. इथे ठरावावर मतदान होण्याआधी सामान्य माणसाला नाव नोंदवून काही मिनिटं बोलता येतं. आमच्याकडून ताई बोलतील असं मी धरून चाललो होतो, पण त्यांनी रोहिणीचं नाव दिलं होतं. "मी बोलली तर एक बाई बोलली असं होईल," त्या म्हणाल्या. "ती बोलली तर वर्ग बोलला."

हॉलचा विषय पुकारला गेला आणि लिंडा उभ्या राहिल्या. त्यांचा चेहरा ओशाळलेला होता. या विषयातल्या एका पक्षाकडून आपल्याला एक शाल आणि एक नारळ मिळाला आहे, असं त्यांनी नोंदवायला सांगितलं. वस्तू किरकोळ आहेत, पण विषय समोर असताना स्वीकारल्या गेल्या, तेव्हा लोकांच्या मनात शंका नको म्हणून आपण चर्चेत आणि मतदानात भाग घेणार नाही. महापौरांनी मान डोलावली, कारकुनाने लिहून घेतलं, आणि आमचं एकुलतं एक खात्रीचं मत दार लोटून बाहेर गेलं.

मी सुनंदाताईंकडे बघितलं. त्यांना मी असं कधी पाहिलं नव्हतं. जगातली प्रत्येक पाटी वाचणारी बाई, आणि नगरसेवकांनी भेटवस्तू घेतली तर ती जाहीर करायची हा नियम याच वर्गाला शिकवलेली. त्यांनी डोळे मिटून घेतले होते. "मीच शिकवला होता न तो नियम," त्या पुटपुटल्या. "पण नारळ म्हणजे भेट असते, हे कधी मनातच आलं नाही, भाऊ." मी त्यांचा हात धरला. दुसरं काय करणार?

रोहिणीचं नाव पुकारलं. ती माइकसमोर गेली, तो वाकवला, तो करकरला, आणि ती म्हणाली, "सॉरी."

मागच्या रांगेत ग्रेगने कपाळावर हात मारला. पण रोहिणीने वळून वर्गाकडे पाहिलं, आणि तिला हसू आलं. "हे शेवटचं," ती महापौरांना म्हणाली. "आता मी आधी खेळघराची बाजू सांगते."

आणि तिने ती सांगितली. उन्हाळ्यात पार्क तापलेले असतात, पावसात चिखल. फ्लॅटमध्ये राहणाऱ्या आयांना मुलं न्यायला जागा नाही. आपण स्वतः एक रविवार तिथे काढला, आपली मुलगी घरी यायला तयार नव्हती, आणि ओळखपाळख नसलेल्या दोन आया आपल्याशी तासभर बोलत बसल्या, असं बोलणं या देशात आल्यापासून झालं नव्हतं. खेळघर चालवणाऱ्या बाई समोरच बसल्या होत्या. त्या आधी संशयाने बघत होत्या, मग हळूहळू पुढे झुकल्या. अशा जागेला विरोध करायला आपल्याला लाज वाटेल, असं रोहिणी म्हणाली. माझ्या शेजारच्या आजी घाबरून कुजबुजल्या, ही आपल्याच बाजूची ना?

"पण पाच वाजता खेळघर बंद होतं," रोहिणी म्हणाली. "मुलांची जेवायची वेळ होते. आमचा वर्ग साडेसहाला असतो, कारण तोवर आम्ही कोणाच्या तरी आईला आंघोळ घालत असतो, कोणाचा तरी ब्रेड भाजत असतो. हॉल त्यांना दिवसाचा द्या. संध्याकाळ आम्हाला ठेवा. करारात एक ओळ घालावी लागेल. ती कशी घालायची ते आम्हाला शिकवलेलं आहे."

महापौरांनी खेळघरवाल्या बाईंना विचारलं, काही हरकत? त्या म्हणाल्या, घसरगुंडीवर मोठी माणसं चढणार नसतील तर काही नाही. सगळं सभागृह हसलं. सुधारलेला ठराव मताला टाकला आणि लिंडाच्या मताशिवाय पास झाला.

बाहेर पार्किंगमध्ये लिंडा वाट बघत उभ्या होत्या. ताई सरळ त्यांच्यापुढे गेल्या आणि म्हणाल्या की चूक माझी, तुम्ही केलं तेच बरोबर. लिंडा म्हणाल्या, नारळ ऑफिसात जमा केलाय, पण तो फोडतात कसा हे तिथे कोणालाच माहीत नाही. ताई पोट धरून हसल्या. आमच्याकडे मतं फोडायला लोकांना पैसे लागतात, मला एक नारळ पुरला, असं त्या नंतर महिनाभर जो भेटेल त्याला सांगत होत्या. आणि कोर्स सुरू झाल्यावर दर नव्या तुकडीचा पहिला धडा तोच असे. मुलांनी हसून घेतलं की विचारायच्या, "आता मला सांगा, माझी बाजू कोण मांडतो?" कोणीतरी उभं राहून शिष्टाचार म्हणजे काय ते सांगायचं, आणि मग दुसरं कोणीतरी त्यांना दोषी ठरवायचं. त्या आनंदाने दोषी ठरायच्या.

कोर्स चालला. फोमचे ठोकळे बाजूला सरकवून, गुडघ्याएवढ्या रंगीत खुर्च्यांवर मोठी माणसं बसून करारनामे वाचत. रोहिणी पहिल्या तुकडीत पास होऊन युनिव्हर्सिटीत गेली. सासरी कळलं तेव्हा सासऱ्यांनी गावात पेढे वाटले आणि आपल्या बांधाच्या जुन्या वादाचे कागद स्कॅन करून पाठवले. ग्रेग पास झाला, पण वकील व्हायचं नाही म्हणाला. तो आता लोकांच्या दंडाच्या पावत्या वाचून देतो, फुकट. बुद्धपौर्णिमेला ताई हॉलमध्ये खीर आणायच्या तेव्हा तो पातेलं पुसूनपुसून खायचा.

मग ताईंच्या मुलाला, जो बहिणीच्या मागोमाग या देशात आला आणि दूर पश्चिमेला कालगुर्लीत सोन्याच्या खाणीत इंजिनिअर आहे, जुळं झालं. तिथे जायचं म्हणजे आधी विमानाने पर्थ आणि मग पुढे पुन्हा विमान. ताईंनी जायचं ठरवलं आणि वर्गाचं काय, हा प्रश्न आमच्याइतकाच हेलनलाही पडला. दुसरा शिक्षक मिळेना. कोर्स बंद करायची भाषा पुन्हा सुरू झाली. ताई एवढंच म्हणाल्या, "बघू न."

त्या जायच्या आधीच्या आठवड्यात मी माझा वर्ग आटपून पार्टिशनच्या फटीतून डोकावलो. फळ्यापाशी रोहिणी उभी होती. युनिव्हर्सिटीतून थेट आलेली, पाठीवर अजून सॅक, आणि नव्या तुकडीला भाडेकरार समजावून सांगत होती. हेलनने तिला ताईंच्या देखरेखीखाली शिकवायची परवानगी दिली होती, पण देखरेख करायला फळ्याजवळ कोणीच नव्हतं. मी ताईंना शोधलं. त्या सगळ्यांत मागे, एका पिवळ्या बुटक्या खुर्चीवर, नव्या विद्यार्थ्यांच्या मध्ये अंग चोरून बसल्या होत्या. पुढ्यात पाण्याची बाटली होती, आणि शंका विचारायला त्यांनी हात वर केला होता.

रोहिणीने तो हात पाहिला. मग तिने पुढच्या रांगेतल्या एका मुलाकडे बोट दाखवलं आणि म्हणाली, "आधी तू." तो बोलत राहिला, अडखळत, लांबण लावत. ताईंनी हात खाली घेतला नाही. आपली पाळी येण्याची वाट बघत त्या शांत बसून होत्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावर इतका आनंद होता की मी पार्टिशन आवाज न करता पुन्हा लावून घेतलं.